लिव्हरसाठी पिवळा लेप

माझ्या लिव्हरवर वण पडायला लागलेत, हे बीडच्या डॉक्टरांनी मला सांगितलं तेव्हा मी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर मटण हाणून त्यांच्याकडं गेलतो. "तेलकट बंद, दारू बंद, रोज तासभर चाला," ते म्हणाले. यातलं मला एकही आवडलं नाही.

मग मोबाईलवर वाचलं की हळदीतल्या आणि भुईआवळीतल्या द्रव्यांनी हे वण रोखता येतात. (अर्धंच वाचलं. पुढं लई बारीक अक्षर होतं.) बायकोला, सुनंदाला, न सांगता मी गोठ्यात बसून ओली हळद आणि बांधावरची भुईआवळी वाटायचो, दोन वेळा प्यायचो आणि उरलेला चोथा बरगडीखाली थापायचो. आतून पोचलं नाही तर बाहेरून तरी पोचेल! ढाबा चालूच होता.

आठव्या दिवशी मी आंघोळ करत असताना माझे वडील, अण्णा, मला बघून थबकले. "आरं, तू पिवळा कावून दिसतोस?"

सुनंदा धावत आली. हात पिवळे, दात पिवळे, पोट तर पार पिवळंजर्द. "आवं, ही कावीळ हाय," ती ओरडली.

खरं सांगतो, मला लेप आठवलाच नाही. संपलं आपलं, एवढंच डोक्यात आलं. ओल्या अंगानं, तांब्या हातात धरून, मी माझ्यामागं शेत कुणी बघायचं ते सांगायला लागलो. त्यांनी मला तसाच जीपमध्ये घातला. उमापूरची बहीण परस्पर दवाखान्यात आली, रडतच.

डॉक्टरांनी डोळे तपासले. पांढरेस्वच्छ. मग स्पिरिटचा बोळा पोटावरून फिरवला. माझी कावीळ बोळ्यावर आली.

बहिणीचं रडणं थांबलं. "दादा, हळद लावून आलास व्हय?"

मी मोबाईल पुढं केला आणि ढाब्याचंही कबूल केलं. डॉक्टरांनी बारीक अक्षरासकट सगळं वाचलं. "हे उंदरांवर केलंय. उंदीर ढाब्यावर जात नाहीत. आणि असलं काही मनानं पिऊन लिव्हर आणखी बिघडू शकतं. आधी रक्त तपासू." त्यांनी कागद ओढला. "काम काय करता?"

"शेती," मी घाईनं म्हणालो.

अण्णांना ते सहन झालं नाही. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी लई खस्ता खाल्ल्या होत्या. "लाजतंय ते, साहेब," ते अभिमानानं पुढं सरकले. "हायस्कुलात विज्ञान शिकवतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.