आप्पा कुणाचे पाहुणे?

देव आहे की नाही, या वादात मी कधी पडलो नाही. पण खरं सांगायचं तर माझी सगळी भक्ती कॅमेऱ्यापुरतीच होती. मी राहतो शिरूरला, नोकरी कंपनीत. सुट्टी मिळाली की गळ्यात कॅमेरा अडकवायचा आणि मित्राला, दत्ताला, मोटारसायकलवर मागे बसवून भटकायचं, हा छंद. कधी घोड नदीचा काठ, कधी न्हावऱ्याकडचे उसाचे फड, वाटेत कुठंतरी मिसळ नाहीतर भेळ. गावोगावच्या जत्रा मी सोडत नसे. बायको चेष्टा करायची, "देवाच्या पाया पडायला जाताय का देवाला हसायला सांगायला?" मीही हसून सोडून द्यायचो. मग वडिलांना, म्हणजे आमच्या आप्पांना, विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग गल्ली, मग नातवंडांची नावं, आणि गेल्या वर्षापासून मीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. तेव्हापासून देवासमोर उभं राहिलं की मला हात जोडावेसे वाटेनात. ज्या माणसानं जन्मभर कुणाचं वाईट चिंतलं नाही, त्याच्या वाट्याला हे का?

तरीही यंदा चैत्रात त्यांना आजोळच्या नाथसाहेबांच्या जत्रेला न्यायचंच असं मी ठरवलं. माझं आजोळ दौंड तालुक्यात, राहूच्या जवळ, भीमेच्या काठाला. लहानपणी आई एसटीनं पुढे जायची आणि मी आप्पांच्या सायकलवर. आजीच्या चुलीवर पुरण शिजत असायचं, तो वास बांधापर्यंत यायचा. आप्पा मला खांद्यावर बसवून पालखी दाखवायचे, मग गोडीशेव घेऊन द्यायचे आणि शेवटी फोटोच्या तंबूत पुठ्ठ्याच्या विमानात बसवायचे. कॅमेरा नावाच्या वस्तूची मला गोडी लागली ती तिथंच. आता आजी नाही, आई नाही. तेवढे एक मामा आहेत, आणि पोळ्या गॅसवर होतात. पण जत्रेच्या दिवशी त्या गावात अजूनही एक रीत आहे. दारात आलेल्या माणसाला कुणाचा कोण हे विचारायचं नाही, आधी पाट द्यायचा. प्रत्येक घरात इतके पाहुणे येतात की घरच्यांनाही सगळे ठाऊक नसतात.

आम्ही पोचलो तसं मामांनी आप्पांना नवा सदरा आणि टोपी घातली. आनंदाच्या भरात कुणाच्या लक्षात आलं नाही, की ते हरवले तर म्हणून ठेवलेली माझ्या फोन नंबरची चिठ्ठी जुन्या सदऱ्याच्या खिशात राहिली. दुपार कलल्यावर पालखी निघाली. आप्पांना मामांच्या ओट्यावर बसवून बायको त्यांच्या शेजारी बसली होती, मी आणि दत्ता पालखीपुढे. "नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं!" गुलालानं आभाळ लाल झालेलं, ढोल छातीत वाजत होते. पालखी ओट्यासमोर आली तशी बायको ओवाळायला उठली. ओवाळून वळली तर ओटा रिकामा.

पुढचा वेळ मला नीट आठवत नाही. कोपऱ्यावरची दुकानं, देऊळ, पाळणे, सगळं पालथं घातलं. देवळातल्या भोंग्यावरून पुकारा झाला, पण ढोलांपुढे तो कुणाला ऐकू जाणार? कुणीतरी म्हणालं, एक म्हातारा नदीकडं जाताना दिसला. भीमेचा तो डोह मला लहानपणापासून माहीत आहे. मामा पोरं घेऊन नदीकडे धावले. मी देवळाच्या पायरीशी थांबलो. गाभाऱ्यात नाथसाहेबांचे चांदीचे डोळे तेवढे दिसत होते. त्या डोळ्यांचे फोटो मी कितीदा काढले असतील, पण त्यांच्याकडे पाहून बोललो ते त्या दिवशी पहिल्यांदा. "माझ्याच्यानं होत नाही आता," एवढंच म्हणालो, "माझे आप्पा मला परत दे." आणि पोरासारखा रडलो.

दत्तानं माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला. आप्पा कुठं दिसतात का म्हणून तो एकेक फोटो मागे नेऊ लागला. एका फोटोत पालखी सगळी धुरकट आलेली. फोकस चुकलेला होता. एरवी असा फोटो मी जागीच पुसतो, गर्दीत ते राहून गेलं असेल. दत्ता एकदम ओरडला, "आरं, ह्ये बघ! गिरणीच्या बोळात कोन हाय?" पालखीच्या मागं, लांब, एवढीशी, पण अगदी स्पष्ट, नव्या टोपीतली आप्पांची पाठ. त्यांचा हात एका माणसानं धरलेला. खांद्यावर घोंगडी, तोंड पलीकडे.

गिरणीचा बोळ नदीच्या उलट्या अंगाला, मळ्याकडे जातो. आम्ही तिकडे पळालो. उसाच्या कडेला एक वस्ती, मांडवात पंगत बसलेली, आणि पंगतीत मांडी घालून आप्पा! पुढ्यात पुरणपोळी, वाटीत गुळवणी. साखरेचं पथ्य म्हणून ज्यांना आम्ही घरी गुळाचा खडा दाखवत नाही, ते बोटं चाटत होते. घरच्या आजीबाई पुढं आल्या. "तुमचं हायेत व्हय? आमाला वाटलं थोरल्या जावायाकडचं पाव्हणं. जावायास्नी वाटलं, आमच्याकडचं. इचारायचं कसं, आन् तेबी जेवनाच्या टायमाला?" सगळा मांडव हसला. मी विचारलं, यांना घेऊन कोण आलं? "घोंगडीवाला आला व्हता की. म्हनला, आपलंच हायेत, उनाचं फिरत्यात, जेवू घाला. आमी म्हनलं, तूबी बस. तर म्हनला, पालखीम्होरं जायाचंय." त्याला तिथं कुणीच ओळखत नव्हतं. मी नंतर मामांना फोटो दाखवला, त्यांनाही ओळखू आला नाही. याहून जास्त मला माहीत नाही, आणि आता शोधावंसंही वाटत नाही.

मी आप्पांसमोर जाऊन उभा राहिलो. "ओळखलं का मला?" हे रोजचं ओठांवर आलेलंच होतं. दिवसातून कितीदा तरी मी त्यांना हे विचारायचो, आणि आठवलं नाही की ते खाली मान घालायचे. त्यांनी वर पाहिलं. डोळ्यांत ओळख नव्हती, पण कसला आनंद होता! हातानं चटई झटकत ते म्हणाले, "या पाव्हणं, बसा. देवाचं जेवान हाय, न्हाई म्हनू नगा." मी प्रश्न गिळला आणि त्यांच्या शेजारी बसलो. आजीबाईंनी माझ्यापुढंही ताट मांडलं. त्यांनी आपल्या ताटातली अर्धी पोळी मोडून माझ्या ताटात ठेवली, वर स्वतःच्या वाटीतली गुळवणी ओतली आणि मी घास घेईपर्यंत माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी असताना ती पोळी जितकी गोड लागली, तितकी आजीच्या हातचीसुद्धा कधी लागली नसेल.

मी देवाकडे आप्पा मागितले होते. त्यानं ते दिले, जसे आहेत तसे दिले. बऱ्याच दिवसांनी मी मनापासून हात जोडले. ओळख परत यावी म्हणून माझी जी रोजची ओढाताण चालायची, ती मी त्या मांडवातच त्याच्या पायाशी ठेवली. आता संध्याकाळी कामावरून आलो की मी त्यांना काही विचारून अडवत नाही. दारात चपला काढतो आणि म्हणतो, "आप्पा, पाहुणा आलाय, जेवायला बसू का?" ते लगेच सरकून जागा देतात.