काचघर आणि काशाची थाळी

बायांनो, तुमच्यापैकी कोणी डोक्यावर पितळेचा गंज पालथा घालून, हातात थाळी घेऊन, भर दुपारी अंगणात पाहुण्यांचं स्वागत केलं आहे का? नाही ना? मग चहा ओता आणि ऐका. मी केलं आहे. तेही पूर्ण शुद्धीवर असताना!

आम्ही तेव्हा अमरावतीला, कॅम्पाच्या टोकाला राहत होतो. बंगला आधी एका इंग्रज साहेबाचा होता. त्या भल्या माणसानं बंगल्याशेजारी चक्क काचेचं घर बांधलं होतं. झाडांसाठी! आता अमरावतीचा चैत्र कसा असतो हे का मी तुम्हाला सांगू? इथं बाहेर ठेवलेलं लोणचं दोन दिवसांत मुरतं, आणि हा माणूस काचेत नाजूक झाडं लावतो! पुढे साहेब विलायतेला गेला आणि काचघर आमच्या गळ्यात पडलं.

म्हणजे माझ्या गळ्यात. आमच्या ह्यांच्या तर ते काळजात होतं. कोर्टातून आले की अंगावरचा काळा कोट न काढता आधी नेच्यांना पाणी घालायचे. उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे भिजवून काचांवर सोडायचे. एकेक काच मुंबईहून आलेली. फुटली तर तशी दुसरी सबंध वऱ्हाडात मिळणार नाही, हे ते मला दर आठवड्याला सांगायचे.

त्या वर्षी आमची कमळ पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. आणि नेमकं तेव्हाच वानरांनी तिच्या खोलीवरच्या कवेलूंचा, म्हणजे तुमच्या कौलांचा, पार भुगा केला. फुटके काढून कवेलू फेरून घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण खोलीची भिंत आणि काचघर यांच्यामध्ये अवघी चार हातांची बोळ. शिवाय आमच्यामागच्या माळ्यांच्या वस्तीची बाजाराला जायची वाट त्याच बोळीतून. डोक्यावर वांगी-मेथीच्या टोपल्या घेतलेल्या बाया दिवसभर तिथून जायच्या.

हे अकोल्याला एका खटल्यासाठी निघाले होते. म्हणाले, "मी परत आल्यावर काम काढू."

"आणि तोवर कवेलू पोरीच्या अंगावर पडलं तर?"

"बरं, काढ. पण कोणाचं डोकं फुटता कामा नये, आणि एकही काच फुटता कामा नये."

"ह्याच क्रमानं ना?" मी विचारलं.

त्यांनी जरा विचार केला आणि मग "हो" म्हणाले.

झालं! जबाबदारी घेतली की मी ती अंगभर घेते. हायस्कूलपर्यंत शिकलेली बाई मी, काम कसं पद्धतशीर झालं पाहिजे! काचघराच्या छपरावर घरातल्या झाडून साऱ्या गोदड्या अंथरल्या. बोळीच्या दोन्ही तोंडांना दोरी बांधून तिला लाल लुगड्याच्या चिंध्या लावल्या. श्यामराव गवंड्याला मुंडाशात वाळलं गवत भरायला लावलं. तो म्हणाला, "वकिलीनबाई, मी तं वरतं हाओ. माह्या डोक्यावर काय आभाळ पडते?" पण भरलं बिचाऱ्यानं.

मी खाली उभी राहणार होते. तेव्हा माझ्या डोक्याचं काय? मुंडासं मला शोभलं नसतं. म्हणून स्वयंपाकघरातला मधला गंज पालथा घातला आणि वरून पदर घेतला. अगदी बेताचा बसला हो!

आता राहिला इशारा. श्यामराव वरून "हटा!" म्हणून ओरडला की जाणाऱ्या बाया काय करायच्या? तिथंच थांबून, मान वर करून विचारायच्या, "काय म्हन्ते?" बरोबर कवेलूच्या खाली! म्हणून मी शाळेच्या घंटेसारखी युक्ती काढली. घरात घंटा नव्हती, पण माझ्या लग्नातली काशाची थाळी होती. तिचा आवाज पार विहिरीपर्यंत जायचा. वळणदार अक्षरात पाटी लिहिली: 'सावधान! थाळी वाजताच दूर व्हावे.' पाटी दोरीला टांगली आणि समाधानानं पाहत राहिले.

त्या वस्तीत वाचता येणारा माणूस एकच होता. श्यामराव. आणि तो छपरावर होता.

"बाई, फुटके कवेलू खाली सोडू का?" वरून आवाज आला. मी बोळीच्या तोंडाशी, काचघराच्या कोपऱ्याला उभी राहिले, लाटणं उचललं आणि थाळी बडवली. ठण् ठण् ठण्! वानरं पहिल्याच ठोक्याला पळाली. मनात म्हटलं, वा! काय युक्ती आहे!

पण बायांनो, तुम्ही आत्ताच हसायला लागलात, म्हणजे तुमच्या लक्षात आलं. माझ्या मात्र आलं नाही. ज्या घरात पोरीचे दिवस भरले आहेत, त्या घरातून थाळीचा आवाज आला तर लोक काय समजतील?

विहिरीवरून आमची फुलवाली गोदाबाई ओरडली, "झाला वं माय! वकिलाच्या कमळले पोट्टा झाला!"

आणि ती धावली. लांब नव्हे, बोळीकडे! तिच्यामागे आणखी चार-पाच जणी. मला वाटलं, इशारा नीट ऐकू गेला नसेल. म्हणून मी आणखी जोरात बडवली.

"अवं, अजून वाजून राह्यली! जुळे हायेत वाटते!"

मग काय विचारता! अख्खी वस्ती निघाली. कोणाच्या हातात गूळ, कोणाच्या हातात सुंठ, एकीनं तर विक्रीची मेथीची टोपलीच आणली. दोरी तुडवली, चिंध्या तुडवल्या आणि मला ज्या जागी एकही माणूस नको होता, नेमक्या त्याच जागी तीस माणसं उभी! मी जितकी बडवावी तितकी गर्दी वाढत होती. मी ओरडत होते, "मागे व्हा, मागे व्हा!" पण थाळीपुढे माझं कोण ऐकतंय?

"बाई!" श्यामराव भरलेली टोपली छातीशी धरून वरून ओरडला, "खाली जत्रा भरली! मी कुठी सोडू?"

"नको सोडू! धरून ठेव!"

"अन् पोट्टा झाला तं मले काहून नाही सांगतलं?" असं म्हणत तो टोपली ठेवून पेढ्यांच्या आशेनं शिडी उतरायला लागला.

गोदाबाईनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "वकिलीनबाई, डोक्यावर गंज काहून वं?"

"सुरक्षेसाठी!"

"आनंदानं डोस्कं फिरलं बाईचं," ती शेजारणीच्या कानात म्हणाली. मला ऐकू आलं. गंजात आवाज घुमतो.

इतक्यात दार उघडलं आणि आमची कमळ, भरल्या पोटानं, हातात कैरीची फोड घेऊन ओसरीवर आली. "आई, हा कसला गं गोंधळ? माझी झोपमोड झाली."

तीस जणांनी तिच्या पोटाकडे पाहिलं. वस्तीतली सगळ्यांत वडीलधारी काशीआजी काठी टेकत पुढे आली. "पोरगी तं भरल्या पोटानं उभी हाय," ती म्हणाली. "मंग झालं कोणाले?"

आणि बायांनो, त्या साठ डोळ्यांनी सावकाश माझ्याकडे पाहिलं.

बेचाळीस वर्षांची मी! धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. "नाही हो आजी, तसं काही नाही, माझीच चूक झाली," असं म्हणत मी, लहानपणापासूनच्या सवयीनं, आजीच्या पायाशी वाकले.

वाकले, आणि डोक्यावरचा गंज निसटला. आजीच्या कानाजवळून गेला आणि सरळ काचघराच्या भिंतीत. खळ्ळ्!

छपरावर गोदड्या होत्या. भिंतीला मी काहीच लावलं नव्हतं. भिंतीवर कवेलू कुठून पडणार, असा माझा विचार!

मग काशीआजीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे पोरी. डोस्कं तं नाही फुटलं कोणाचं." पहिल्या क्रमांकाची अट पाळली गेली होती खरी. दुसऱ्या अटीला भोक पडलं होतं, चांगलं गंजाएवढं.

मग मात्र मी सगळ्यांना तिथंच खाली बसवलं, आलेल्या गुळाचा चहा पाजला आणि घोकून घेतलं: थाळी वाजली म्हणजे कवेलू पडतात. थाळी वाजली की भिंतीपासून दहा हात लांब. गोदाबाईकडून तर तीनदा म्हणवून घेतलं. श्यामरावानं संध्याकाळपर्यंत काम उरकलं. दर खेपेला मी थाळी वाजवली आणि दर खेपेला वस्ती शहाण्या मुलासारखी मागे सरली. अगदी कृतार्थ वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ओसरीवर ऊन यायच्या आत, कमळला मुलगी झाली. मुलीसाठी थाळी वाजवत नाहीत, असं सुईण म्हणाली. मी म्हटलं, थाळी माझी, नातही माझी. आणि अंगणात येऊन मनसोक्त वाजवली. एकही माणूस आलं नाही. सगळी वस्ती भिंतीपासून दहा हात लांब उभी होती, आणि त्यांच्यात बडनेऱ्याच्या स्टेशनावरून येऊन टांग्यातून नुकतेच उतरलेले आमचे हे, हातात पिशवी घेऊन. गोदाबाईनं त्यांच्यापुढे हात आडवा धरला होता, "वकीलसाहेब, तिथंच थांबा! कवेलू पडून राह्यले!" हे थांबले, आणि तिथून त्यांना आधी फुटलेली काच दिसली, नात मागाहून कळली.