कच्च्या तांदळाचा परवाना

तहसील कचेरीत माझं टेबल परवान्यांचं. कुणाला बंदुकीचा हवा, कुणाला फटाके विकण्याचा. दिवसभर अर्ज घ्यायचे, शिक्का मारून पोच द्यायची आणि कागद वर पाठवायचे. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती आणि लोकांनी शिंकायलाही अर्ज करावा एवढंच काय ते बाकी होतं. मी पस्तिशीतच होतो, पण पार विटून गेलो होतो.

अशात आमच्याच तालुक्यातल्या गोरेगावकडचा एक म्हातारा आला. त्याला चोर ओळखण्याचा परवाना हवा होता. गावात चोरी झाली की तो संशयितांना मूठभर कच्चे तांदूळ चावायला लावायचा आणि पळसाच्या पानावर थुंकायला सांगायचा. ओला लगदा पडला तर माणूस साव, कोरडं पीठ पडलं तर चोर. भीतीनं तोंडाला कोरड पडते ना, म्हणून. आजवर हे गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या शब्दावर चालायचं. मालगुजारी गेली आणि ठाण्यातल्या जमादारानं त्याला दटावलं, परवाना दाखव नाहीतर हे धंदे बंद कर.

असा परवाना नसतो, हे मी त्याला परोपरीनं सांगितलं. तो हलेना. तीन दिवस व्हरांड्यात बसून राहिला. चौथ्या दिवशी मी वैतागून त्याचा अर्ज घेतला, पोच हातावर ठेवली आणि सुटलो एकदाचा म्हणालो. पुढे आमच्या भागाची राजधानी नागपूरची मुंबई झाली, पण त्या अर्जाचं उत्तर काही आलं नाही.

पोच दिली त्याच्या पुढच्या वर्षी, हरतालिका होऊन दहा-बारा दिवस झाले असतील, एक तरुण बाई वडिलांबरोबर माझ्यापुढे येऊन उभी राहिली. सासूचे चांदीचे गोठ हरवले म्हणून सासरच्यांनी त्या म्हाताऱ्याला बोलावलं होतं. नेमका हरतालिकेचा दिवस. सासू विधवा, बाकीची गडीमाणसं. निर्जळी उपास हिचा एकटीचा. सगळ्यांचा लगदा ओला पडला, हिचं कोरडं पीठ. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही, असं ती सांगत राहिली. म्हाताऱ्यानं माझी पोच पानाशेजारी मांडली होती. सरकारी शिक्का पाहिल्यावर तिचं कोण ऐकणार? संध्याकाळी तिला माहेरी धाडलं, आता परत घेत नव्हते.

तो परवाना नाही, नुसता अर्ज मिळाल्याचा कागद आहे, असं मी म्हणालो. तिनं विचारलं, "हे तुमी त्याले काऊन नाही सांगतलं?"

सांगितलं होतं की नाही, मला आठवेना. आजही आठवत नाही. सांगितलं असेन अशी माझी समजूत मीच काढत आलो, पण त्या बाईची आठवण आली की मला लाज वाटते ती वाटतेच.

मग मी तिचा अर्ज स्वतः लिहिला. आपण चोरी केलेली नाही, चौकशी व्हावी, वगैरे. शिक्का मारून पोच पुढे केली. मनात म्हटलं, शिक्का म्हाताऱ्याच्या हातात चालला तसा हिच्याही हातात चालेल. दाखवू दे सासरी. वडिलांनी लगबगीनं हात पुढे केला. तिनं तो अडवला आणि कागद उलटसुलट करून बघितला. तिला वाचता येत नव्हतं.

"शिक्का तोच होय?"

मी होय म्हणालो.

तिनं कागद टेबलावर ठेवला. "याच शिक्क्यानं मी चोर झाली सायब. याच शिक्क्यानं साव होऊ काय?"

घे, कामी पडेल, असं वडील म्हणत राहिले. ती केव्हाच दाराशी पोचली होती. मी उगाच ड्रॉवर उघडून आत बघितलं. माझ्याजवळ दुसरा शिक्का नव्हता.