हळदीकुंकवाची तपासणी

आमच्या महिला मंडळाने माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. आयुष्य साड्यांच्या धंद्यात गेलं माझं; फसवणूक मला कळते.

भाऊजी प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. ते गेल्यावर ताई माझ्याकडे राहायला आली. मी सुरतेहून साड्या आणून पार पादरा गावापर्यंत विकत हिंडायची, घर ताई बघायची.

एका संक्रांतीला मंडळाने हळदीकुंकवाला जोडून बायकांची फुकट तपासणी ठेवली, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची. हॉलमध्ये वाण, मागच्या खोलीत डॉक्टरीणबाई. मी नेमकी सुरतेला. संध्याकाळी माझं वाण कोणीतरी दारात आणून ताईच्याच हातात दिलं, स्टीलचा डबा. तपासणीचं अवाक्षर नाही.

काही वर्षांनी, पाळी कधीच बंद झालेली असताना, ताईच्या अंगावरून रक्त जाऊ लागलं. उष्णता असेल म्हणून ती गुपचूप सब्जा पीत राहिली. सब्जा ठेवायची त्याच डब्यात. मला कळलं त्या दिवशी स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई त्याच निघाल्या. "तुमच्या मंडळात आले होते की मी. तेव्हा का नाही आलात?"

ताई म्हणाली, "हळदीकुंकवाला मला कुठे बोलावतात."

बाईंनी ताईला तपासून तुकडा लॅबला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा म्हणाल्या, हा आजार वर्षानुवर्षं मुकाट असतो. तेव्हा बघितलं असतं तर कदाचित कॅन्सर होण्याआधीच सापडला असता. आता रेडिएशनचे शेक द्यावे लागतील.

मी तशीच मंडळाच्या अध्यक्षीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी चहा ठेवला.

"अगं, नवरा जाऊन इतकी वर्षं झालेली. तिला कशाला हवी ती तपासणी? चारचौघींत बरं दिसलं असतं का?"

"नवरा गेला म्हणून हा आजार टळत नाही, वहिनी. डॉक्टरांना विचारा."

"तुझं आपलं सगळीकडे भाव करणं."

चहा तसाच ठेवून मी उठले. आणखी बसले असते तर कपबशी फुटली असती.

ताईचे शेक संपलेत. जेवण जात नाही, उठता-बसता धाप लागते. पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत.

यंदाही संक्रांतीचं बोलावणं आलंय, माझ्या एकटीच्या नावाचं. मी ताईला घेऊन जाणार आहे. अध्यक्षीणबाईंना सगळ्यांच्या देखत विचारणार आहे, हिच्याकडे बघून सांगा: कुंकू लावायचं नव्हतं तर नसतं लावलं, पण मागच्या खोलीचं दार हिला कोणी बंद केलं?