निताई मिस्त्रीची नाव

चामोर्शीच्या पुढे जंगल तोडून बंगाली निर्वासितांची वसाहत वसवली, तेव्हा सरकारनं निताई मंडलला जमीन दिली, बैल दिले, फक्त नदी द्यायची राहून गेली. पूर्व बंगालात निताई नावा बांधणारा मिस्त्री. चौसष्टच्या दंगलीत त्याचं गाव सुटलं. धाकटा भाऊ गौर तिकडेच राहिला. इथल्या बैलांना निताई इतका भ्यायचा, की बैलच त्याला सांभाळून घेत.

पुढं त्यानं अंगणात नाव बांधली. सागवानी, बावीस हात लांब. गावची बोडी म्हणजे एवढंसं तळं. त्यात ही नाव वळवायची, तर आधी काठावरची धिवरांची घरं हलवावी लागली असती.

पूर्व बंगालात नावेच्या लाकडात पाणी शिरू नये म्हणून त्याला गाब नावाच्या फळाचा रस पाजतात. इथं गाब मिळेना. निताईनं रानातली फळं चाखून, तोंड वाकडं करत, त्याचा भाऊबंद शोधला: कच्चं टेंभरू. दरवर्षी तो पाटीभर टेंभरं कुटायचा आणि नाव काळीभोर करायचा.

शेजारचा डोमा धीवर कुंपणावर रेलून विचारायचा, "निताईदादा, आमी पिकल्यावर खातो, ते तू लाकडाले पाजून राह्यला. कुठी जाते गा हे जहाज?"

"घर जाएगा. गौर लिखेगा सब ठीक, तब जाएगा."

"अन् वैनगंगेपर्यंत ओढन कोन?"

"तू ओढेगा. हमारे घर का मछली-भात फोकट में बहुत खाया."

गौरचं पत्र वर्षातून एकदा यायचं: अजून नको. सत्त्याऐंशी साली मात्र आलं, 'दादा, आता शांत आहे. ये.' निताईनं गौरसाठी मोहफुलं वाळवून गाठोडं बांधलं. नाव मागाहून नेऊ, म्हणाला. आधी आगगाडीनं जाऊन घर पाहून येतो.

निघायच्या चार दिवस आधी दुसरं पत्र आलं. त्यावर तिकीट भारताचं होतं. 'दादा, येऊ नकोस. पुन्हा बिघडलं. पोरांना घेऊन मीच सीमेच्या अलीकडे आलोय. तुझ्याकडे जागा होईल का?'

निताईनं ते घडी घालून गाठोड्यात ठेवलं.

सकाळी डोमा कुंपणाशी आला, तर निताई पटाशी घालून नावेचे खिळे उपटत होता. फळी निघत नव्हती. बांधलीच होती तशी.

"दादा, राहू दे. माह्याकडं बांबू हाये. कुडाची खोली करू."

"गौर का छोटा बच्चा है," निताई मान वर न करता म्हणाला. "इसमें पानी नहीं घुसेगा."

कुठी जाते, हे डोमानं विचारलं नाही. कुंपण ओलांडून त्यानं फळीचं दुसरं टोक धरलं.