बाबांची तारीख

केनवडच्या शेतात बाबांनी पर्जन्यमापक बसवला होता. रोज सकाळी आठला ते पाणी मोजून वहीत लिहीत. एकदा ते गावाला गेले, तेव्हा मी शेजाऱ्याकडून ऐकलेला आकडा लिहून ठेवला. परत आल्यावर त्यांनी तो खोडला. "कोनं सांगतलं हे पाह्यल्याबिगर आकडा लिहू नोको."

बाबा गेले. आई वाशीमला आमच्याकडे आली, सोबत बाबांचा कॉम्प्युटरही आला. वही मी पुढे चालवली. फक्त आता आमच्या केनवड महसूल मंडळाच्या पावसाचा आकडा एका संकेतस्थळावरून माझा छोटा प्रोग्राम आणून देतो.

या पावसाळ्यात माझा लॅपटॉप दुरुस्तीला गेला, म्हणून तो प्रोग्राम बाबांच्या कॉम्प्युटरवर चालवला. चालला नाही. सुरक्षित जोडणी होत नाही, संकेतस्थळाच्या ओळखीचं प्रमाणपत्र वैध नाही, असं लाल अक्षरांत आलं. मला वाटलं, त्या लोकांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण केलं नसेल. पण मोबाइलवर तेच पान नीट उघडलं. म्हणजे दोष आमच्याच घरात होता.

ऑफिसातल्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अबे, प्रमाणपत्राची तपासणी बंद कर ना! एका ओळीचं काम हाय. पावसाचा आकडा कोन चोरून राह्यला?"

ती ओळ मी टाइप केली आणि पुसली. समोर कोण आहे हे न पाहता आकडा घ्यायचा, म्हणजे शेजाऱ्याचाच आकडा झाला.

मग ती लाल ओळ नीट वाचली. प्रमाणपत्र 'अजून' वैध नाही, असं लिहिलं होतं. मुदत संपली नव्हती, सुरूच झाली नव्हती. मी कोपऱ्यातली तारीख पाहिली. साल बाबा गेले ते होतं.

"आई, ही तारीख कोणी बदलली?"

"मीच. दर दिवाळीले एक साल मांगं घेतो. नाही तं पंचांग उघडत नाही. गेले त्या साली दिवाळीले तुह्या बाबानंच शिकवलं मले."

पंचांगाचा तो प्रोग्राम ठरावीक मुदतीचा होता, आणि बनवणारा केव्हाच धंदा बंद करून गेला होता. आईला बाबांनी शिकवलेलं तेवढं एकच पान उघडता येतं; त्यात हवं ते साल निवडून ती चतुर्थी, एकादशी पाहते. ऐकीव आकडा खोडणाऱ्या बाबांनी तिच्यासाठी अख्खं साल खोटं लावलं होतं.

मी खरी तारीख लावली. प्रोग्राम लगेच चालला: चौदा मिलिमीटर. तपासणी चालू ठेवूनच.

आई मागे उभी होती. तिच्या पंचांगाच्या चौकटीवर मुदत संपल्याची सूचना आली होती.

"झालं का तुहं?" ती म्हणाली. "मंग लाव परत. मले संकष्टी पाहाची हाय."

वहीत चौदा लिहिले. मग बाबांचं साल परत लावलं आणि खुर्ची आईला दिली.