सहीचे दोन कोरे कागद

जिदहफ्सच्या बाजारात एका कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानाच्या, शेजारी कैलास गवसचं एका खोलीचं टायपिंगचं ऑफिस आहे. दोडामार्गाकडचा हा माणूस चोवीस वर्षांपूर्वी बहरीनला आला, तेव्हा कंपनीच्या बसमधून सित्राच्या वर्कशॉपात जायचा. मग एकेक फॉर्म भरायला शिकत तो या खुर्चीपर्यंत पोचला. कागदाच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही, असं इथली मराठी माणसं म्हणतात. तो स्वतः तर रोजच म्हणतो.

त्याची एक पद्धत होती. नवी फाइल उघडली की गिऱ्हाइकाकडून दोन कोऱ्या कागदांवर खाली सही घेऊन ठेवायची. रिफाहून गाडी काढून माणूस एका सहीसाठी पुन्हा कशाला येईल? तारीख बदलली, स्पेलिंग चुकलं, की त्या सहीच्या वर नवा मजकूर छापून कैलास मोकळा. "लागला तर असावा," तो म्हणायचा. बँकेत दुसऱ्याची सही तीनदा पडताळणारी शिकलीसवरलेली माणसं इथे चहाचा कप हातात धरून मुकाट सही करायची. का, तर आपला माणूस आहे. या आजारावर अजून औषध निघालेलं नाही.

मे महिन्यात हेमचंद्र आणि लीना त्याच्याकडे आली. तो बँकेत, ती एका ऑडिट फर्ममध्ये. मूळची पुण्याची, पण टोरंटोत दहा वर्षं काढून, कॅनडाचे पासपोर्ट घेऊन इथे आलेली. नऊ वर्षांची स्पृहा तिकडेच जन्मली होती. जुलैत तिघांना युरोपला जायचं होतं, लिस्बन आणि मग पॅरिस.

व्हिसा लागत नाही म्हणजे तयारीही लागत नाही, असा कॅनडावाल्यांचा एक गोड गैरसमज असतो. कैलासने तो पाच मिनिटांत उतरवला. परतल्यावर पुढे निदान तीन महिने पासपोर्ट चालू हवा, आणि स्पृहाचा तर सप्टेंबरात संपतोय, तो आधी नवा करा. आजारपणाचा इन्शुरन्स काढा. गोळ्या डबीत काढून नेऊ नका, मूळ खोक्यात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्या. पहिल्यांदा शिरताना बोटांचे ठसे घेतील, बारा वर्षांखालच्या मुलांचा फक्त फोटो.

"आणि मूल एकाच पालकाबरोबर जात असेल, तर दुसऱ्याचं संमतीपत्र," तो म्हणाला.

"आम्ही तिघं बरोबरच आहोत, कैलासदादा," लीना हसून म्हणाली.

हेमचंद्र हसला नाही. "त्या पत्रावर तारीख कोण घालतं?"

"मीच घालतो, साहेब."

स्पृहा कोपऱ्यात बसून भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवत होती. "आई, इज लिस्बन निअर टोरंटो?" तिने विचारलं. लीनाने कोऱ्या कागदांवर सही करता करताच "नाही गं" म्हटलं.

जूनच्या शेवटच्या मंगळवारी भर दुपारी हेमचंद्र एकटाच आला. बाहेर रस्ता तापून पांढरा झाला होता, आणि हा मात्र कोरडा ठणठणीत, घामाचा थेंब नाही. लीनाला रजा मिळाली नाही, ती आठवड्याने मागून येईल, असं त्याने सांगितलं. तिची सही होतीच.

"मॅडमना एक फोन करतो," कैलास म्हणाला.

"मीटिंगमध्ये आहे ती. उगाच कशाला?"

कैलासने तिच्या सहीचा एक कोरा कागद प्रिंटरमध्ये घातला आणि सहीच्या वर संमतीपत्र छापलं. गुरुवारची दुपारची एक वीसची फ्लाइट, लिस्बन, तिथून पुढे टोरंटो.

"परतीची तारीख, साहेब?"

"मोकळी ठेवा."

मग हेमचंद्रने फाइलमधला मुलीचा नवा पासपोर्ट घेतला आणि तिच्या जन्मदाखल्याची मूळ प्रत मागितली. लसीकरणाच्या आणि शाळेच्या दाखल्याच्या प्रतीही साक्षांकित करून हव्या होत्या.

"युरोपला फिरायला हे काही लागत नाही."

"लागले तर असावेत," हेमचंद्र म्हणाला.

कैलासच्या मनात पाल चुकचुकली. त्याची स्वतःची लेक विशाखा गावी त्याच्याशिवाय वाढली होती. पहिलं पाऊल, पहिला पडलेला दात, सगळं त्याने फोनवर ऐकलं. आज बावीस वर्षांची ती त्याला पाहुण्यासारखं "तुम्ही" म्हणते, आणि ते ऐकलं की त्याचा जीव तुटतो. लेकरू हातचं जाणं म्हणजे काय, हे त्याला शिकवायला नको होतं. पण गिऱ्हाइकाच्या घरातलं विचारायचं नाही, हाही त्याचाच नियम. साक्षीदाराच्या जागी त्याने आपलं नाव लिहिलं. सही आपल्यासमोरच झाली होती, मग त्यात खोटं काय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. दोन दिवस त्याला जेवण मात्र गोड लागलं नाही.

गुरुवारी पावणेदोनला दार उघडून लीना आत आली. हातात औषधांची पिशवी होती.

"बघा, सगळ्या गोळ्या खोक्यांसकट," ती म्हणाली. "इन्शुरन्सचे कागद घेऊन जाते. सतराला निघायचंय, आता दिवस कसे उडतील कळणारही नाही."

कैलास खुर्चीतून उठला. "तुम्हाला रजा मिळाली, मॅडम?"

"कधीच मिळाली. का?"

"साहेब कुठायत?"

"स्पृहाला घेऊन मॉलमध्ये गेलाय. नवीन बॅग हवी होती तिला. सकाळपासून दोघं तिकडेच."

संमतीपत्राची ऑफिसची प्रत काढून त्याने तिच्यापुढे ठेवली. लीनाने ती उभ्या उभ्या वाचली, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचली.

"ही माझी सही आहे," ती म्हणाली. "मी कधी केली?"

"मे महिन्यात, मॅडम. चहा घेताना."

तिने फोन लावला. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तो बंद होता. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, आणि कैलास मान खाली घालून म्हणाला, "सुटलं असेल विमान. चूक माझी आहे. मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

ती ओरडली नाही, रडलीही नाही. पासपोर्ट शोधायला तिने आपली फाइल ओढून घेतली. स्पृहाचा कप्पा रिकामा होता. त्याच्या मागे एक पांढराशुभ्र कागद होता, खाली कोपऱ्यात तिची वळणदार सही असलेला. तिने तो उचलून त्याच्यासमोर धरला.

"आणि हा कशासाठी ठेवलाय, दादा?"

"लागला तर असावा," रोज तोंडात असलेले ते तीन शब्द कैलासच्या जिभेवर आले. त्याने ते गिळले.